औषध कुणाला लागू पडतं?

16 जून 2020 रोजी ऑक्सफर्डमधून जाहीर झालेला एक निकाल त्या दिवसांत घराघरांत पोचला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त, तालुक्याच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं स्टेरॉइड करोनाच्या रुग्णांचे प्राण वाचवतं, असा तो निकाल होता. ‘रिकव्हरी’ नावाच्या या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून 2,104 रुग्णांना रोज 6 मिलिग्रॅम औषध जास्तीत जास्त 10 दिवस दिलं गेलं. 4,321 रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. 28 दिवसांत औषधाच्या गटातले 22.9 टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातले 25.7 टक्के. म्हणजे शंभरामागे जेमतेम तीन जीव वाचले.

आता त्याच रुग्णांची, वाटणीच्या दिवशी कुणाचा श्वास कसा चालला होता त्यावरून, तीन भागांत मांडणी करून पाहावी. श्वासयंत्रावर असलेल्यांत औषध घेतलेले 29.3 टक्के गेले, न घेतलेले 41.4 टक्के, शंभरामागे बारा जीव वाचले. नुसता ऑक्सिजन लागत होता त्यांच्यात 23.3 आणि 26.2, शंभरामागे तीन. आणि ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांच्यात औषध घेतलेले 17.8 टक्के दगावले, न घेतलेले 14 टक्के. ‘शंभरामागे तीन’ ही सरासरी खरीच आहे. पण तिच्या पोटात वाचलेले बाराही आहेत आणि कदाचित जास्तीचे गेलेले चारही.

हा ‘कदाचित’ या व्याख्यानाचा विषय आहे.

मराठीत औषध ‘लागू पडतं’. हे क्रियापद फार नेमकं आहे, कारण ते वापरताना माणूस औषधाबद्दल आणि घेणाऱ्याबद्दल एकदमच बोलत असतो. शेजारच्या काकूंना गुण आला त्या गोळीने आपल्याला येईलच असं नाही, हे कुणाला शिकवावं लागत नाही. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे संख्याशास्त्रालाही मान्य आहे. त्याची अडचण पुराव्याची आहे. एका रुग्णाने गोळी घेतली आणि तो बरा झाला. न घेता काय झालं असतं ते कुणालाच दिसत नाही. यर्झी नेमन यांनी 1923 साली हीच अडचण शेताच्या वाफ्यांसाठी गणितात मांडली होती: प्रत्येक वाफ्यात प्रत्येक वाणाचं एक संभाव्य उत्पन्न दडलेलं असतं, पण पेरता एकच वाण येतो. पुढे 1974 मध्ये डोनाल्ड रुबिन यांनी ती मांडणी शेताबाहेरच्या अभ्यासांपर्यंत नेली.

नेमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवत असताना त्यांच्या विद्यार्थ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. सुखात्म्यांनी पुढे भारतातल्या कृषी संख्याशास्त्राचा पाया घातला, रोममध्ये अन्न व कृषी संघटनेत काम केलं आणि उत्तरायुष्यात पुण्यात राहून पोषणाच्या प्रश्नाला हात घातला. एकाच माणसाची अन्नाची गरज एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी बदलते, त्यामुळे पाहणीच्या दिवशी जो सरासरी गरजेपेक्षा कमी जेवला तो कुपोषितच, असं म्हणता येत नाही, असा त्यांचा आग्रह होता. यावरून अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा गाजलेला वाद झाला. भुकेच्या मोजणीत कोण किती बरोबर होतं हा वेगळा विषय आहे. पण माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला दिवसादिवसाचा फरक यांची गल्लत करू नये, हा सुखात्म्यांचा मुद्दा औषधांच्या चाचण्यांना जसाच्या तसा लागू होतो.

समजा, रक्तदाबाची नवी गोळी शंभर जणांना दिली. महिन्याने साठ जणांचा दाब उतरला, चाळिसांचा नाही. ‘ही गोळी साठ टक्के लोकांना लागू पडते’ असं वाक्य लगेच तयार होतं, आणि ते छापूनही येतं. परंतु रक्तदाब गोळीशिवायही रोज खालीवर होत असतो. गोळीचा परिणाम शंभरही जणांवर अगदी सारखा असला, तरी मोजणीच्या दिवशी चाळीस जण चढत्या बाजूला सापडू शकतात. स्टीफन सेन हे संख्याशास्त्रज्ञ ही चूक वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत. अमुक रुग्णाला औषध खरोखर लागू पडतं का, हे कळायला तेच औषध त्याच माणसाला अनेकदा द्यावं आणि थांबवावं लागतं. दीर्घ आजारात हे जमतं. हृदयविकाराच्या झटक्यात जमत नाही.

म्हणून प्रश्न थोडा खाली उतरवून विचारला जातो: या एका माणसाला काय होईल हे नाही, तर या प्रकारच्या माणसांना काय होईल. प्रकार ठरवायचा तो उपचारापूर्वीच मोजलेल्या गोष्टींवरून, म्हणजे वय, आजाराची पायरी, धमनीतला अडथळा, गाठीतलं जनुक यांवरून.

हा प्रश्नही पहिल्यांदा मातीत विचारला गेला. इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेडच्या शेतावर रोनाल्ड फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांनी बटाट्याच्या 12 वाणांना वेगवेगळी खतं देऊन पाहिली. खताने पीक वाढतं हे ठाऊकच होतं. त्यांना हवं होतं ते असं: एका वाणाला एक खत जास्त मानवतं आणि दुसऱ्याला दुसरं, असं आहे का? 1923 च्या त्यांच्या लेखात उत्तर आलं की वाणावाणांत उत्पन्नाचा फरक आहे, खताखतांतही आहे. पण खताला मिळणारा प्रतिसाद वाणागणिक बदलतो याचा पुरावा नाही. या तिसऱ्या प्रकारच्या फरकाला संख्याशास्त्रात आंतरक्रिया म्हणतात. आंतरक्रियेच्या शोधातल्या या पहिल्या महत्त्वाच्या लेखाचं उत्तर ‘नाही’ असं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शेतकऱ्याला बटाट्याची घाई नव्हती. डॉक्टरांना असते, आणि घाईत फरक फार सहज दिसतात.

1988 साली ‘लॅन्सेट’मध्ये आयसिस-2 ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. 16 देशांतली 417 रुग्णालयं, हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेले 17,187 रुग्ण. महिनाभर अ‍ॅस्पिरिन दिल्याने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू 11.8 टक्क्यांवरून 9.4 वर आले. रुग्णांचे निरनिराळे उपगट पाडून निकाल द्यावेत, अशी संपादकांची सूचना होती. संशोधकांनी ती मानली, पण त्यांत एक उपगट स्वतःचा घातला: राशी. आपल्याकडची चंद्ररास नव्हे, जन्मतारखेवरून ठरणारी पाश्चात्त्य सूर्यरास. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत अ‍ॅस्पिरिनने मृत्यू 9 टक्क्यांनी वाढलेले दिसले. बाकीच्या दहा राशींत 28 टक्क्यांनी कमी. सतरा हजार माणसांच्या, अत्यंत काटेकोर चाचणीत! रिचर्ड पीटो, रोरी कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एवढंच दाखवायचं होतं की पुरेसे तुकडे केले की कुठल्या तरी तुकड्यात औषध उलटं फिरतंच. वीस असंबद्ध उपगट तपासले तर त्यांतला किमान एक निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरण्याची शक्यता 64 टक्के असते.

राशीचा उपगट कुणी खरा मानणार नाही. पण स्त्री आणि पुरुष? 1978 मध्ये कॅनडातल्या चाचणीत पक्षाघाताची पूर्वसूचना मिळालेल्या 585 रुग्णांवर अ‍ॅस्पिरिन तपासलं गेलं. पुरुषांत पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका 48 टक्क्यांनी घटला. स्त्रियांत फायदा दिसला नाही. चाचणीत स्त्रिया पुरुषांपेक्षा बऱ्याच कमी होत्या, आणि त्यांच्यातल्या घटना त्याहून कमी. तरी कारणं लगेच सापडली, कारण शरीरात संप्रेरकं आहेत, रक्तकणिका आहेत, कुठल्याही फरकाला शोभेल असं स्पष्टीकरण देता येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1980 साली या कामासाठी अ‍ॅस्पिरिनला पुरुषांपुरती मान्यता दिली. पुढे अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर स्त्रियांनाही तसाच फायदा होतो हे स्पष्ट झालं. मान्यतेत स्त्रिया आल्या 1998 मध्ये. मधल्या अठरा वर्षांत किती जणींच्या हाती ही पैशांत मिळणारी गोळी पडली नाही, याचा विचार करताना वाईट वाटतं. स्त्रियांत फायदा ‘दिसला नाही’ आणि स्त्रियांत फायदा ‘नाही’ या दोन वाक्यांतलं अंतर तेवढं होतं.

गणिताच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, तेव्हा इथे थोडं फळ्यावरचं गणित व्हायला हवं. संपूर्ण चाचणीत औषधाच्या परिणामाचा जो अंदाज येतो त्याचं प्रचरण, म्हणजे तो योगायोगाने किती हलू शकतो याचं माप, 1 मानू. रुग्णांचे दोन समान भाग केले की प्रत्येक भागात माणसं निम्मी, म्हणून प्रत्येक अंदाजाचं प्रचरण 2. दोन भागांतल्या परिणामांची वजाबाकी केली की प्रचरणांची बेरीज होते: 4. म्हणजे ‘औषध काम करतं का’ याचं उत्तर ज्या खात्रीने हजार रुग्णांत मिळतं, त्याच खात्रीने ‘ते दोन गटांत वेगळं काम करतं का’ याचं उत्तर मिळवायला, फरक मूळ परिणामाएवढा मोठा असला तरी, चार हजार रुग्ण लागतात. फरक मूळ परिणामाच्या निम्मा असेल तर सोळा हजार. बहुतेक चाचण्या पहिल्या प्रश्नापुरत्याच मोठ्या असतात.

यातून एक साधा नियम निघतो आणि तो सर्रास मोडला जातो. पुरुषांत निकाल लक्षणीय, स्त्रियांत नाही, म्हणून दोघांत फरक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. फरकाचा दावा करायचा असेल तर त्या फरकाचीच, म्हणजे आंतरक्रियेचीच, परीक्षा घ्यावी लागते, आणि कुठला गट तपासायचा ते आकडे पाहण्यापूर्वी लिहून ठेवावं लागतं.

दुसरी एक गोष्ट पट्टीची आहे. एका रुग्णाचा धोका शंभरात 40 आहे, दुसऱ्याचा 4. औषध दोघांचाही धोका पाव भागाने कमी करतं: 40 चे 30, 4 चे 3. परिणाम मूळ स्थितीवर अवलंबून आहे का? गुणोत्तरात पाहिलं तर नाही, वजाबाकीत पाहिलं तर दहापट. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण त्याच औषधाने शंभरातल्या दोघांना गंभीर रक्तस्राव होत असेल, तर पहिल्याने ते घ्यावं आणि दुसऱ्याने घेऊ नये. जाहिरातीत गुणोत्तर छापलं जातं, रुग्णाला मात्र वजाबाकीच उपयोगाची असते.

तिसरी गोष्ट सीमारेषेची. मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी आतून अरुंद झाली की पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि शस्त्रक्रियेने ती साफ करता येते. मात्र शस्त्रक्रियेतही पक्षाघात होऊ शकतो. उत्तर अमेरिकेतल्या नॅसेट चाचणीत लक्षणं दिसलेल्या रुग्णांपैकी ज्यांची धमनी 70 टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद होती, त्यांच्यात दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात औषधांवर ठेवलेल्या 26 टक्के रुग्णांना झाला आणि शस्त्रक्रिया केलेल्या 9 टक्के रुग्णांना. 1991 मध्येच या गटापुरती चाचणी थांबवून सर्वांना शस्त्रक्रिया सुचवली गेली. 50 ते 69 टक्क्यांच्या गटाचा निकाल 1998 मध्ये आला: पाच वर्षांत 22.2 विरुद्ध 15.7. पन्नासच्या खाली फरक योगायोगाच्या मर्यादेतच राहिला. धमनी जितकी अरुंद तितका फायदा जास्त, असा हा चढ आहे. पण कागदावर 70 ची रेघ ओढली की 69 वाला आणि 71 वाला एका पायरीने वेगळे होतात, आणि 71 वाला व 95 वाला एकाच खोलीत बसतात. शरीरात अशी पायरी नसते.

यावरचा उपाय 1936 सालीच सापडला होता, तोही शाळेच्या वर्गासाठी. पामर जॉन्सन आणि नेमन यांच्यापुढे प्रश्न होता की दोन शिक्षणपद्धतींपैकी कुठली चांगली हे मुलांच्या आधीच्या तयारीवर अवलंबून असेल तर तुलना कशी करायची. आडव्या अक्षावर आधीची तयारी, उभ्यावर नंतरचे गुण, प्रत्येक पद्धतीची एक रेषा. रेषा समांतर असतील तर एकच उत्तर सर्वांना पुरतं. त्या एकमेकींना छेदत असतील तर कुठे तरी पारडं फिरतं. जॉन्सन-नेमन पद्धत छेदबिंदूवर थांबत नाही; तयारीच्या कुठल्या टप्प्यात दोन रेषांतलं अंतर योगायोगापलीकडचं आहे आणि कुठे काहीच सांगता येत नाही, ते पट्टे ती आखून देते. ‘इथे पहिली पद्धत, इथे दुसरी, आणि मधल्या मुलांबद्दल आम्हाला ठाऊक नाही’ असं स्पष्ट बोलणारी ही पद्धत आजही वापरात आहे. आता सरळ रेषांच्या जागी वळणदार रेषा घेता येतात, आणि 2018 मध्ये स्टीफन वेजर आणि सुझन अ‍ॅथी यांनी मांडलेल्या ‘कॉझल फॉरेस्ट’सारख्या रीती तर संगणकालाच गट शोधायला लावतात. त्या रीतीतली एक अट मोलाची आहे: ज्या रुग्णांच्या आकड्यांवरून गट पाडले, त्यांच्यावरूनच त्या गटांतला परिणाम मोजायचा नाही.

हे सगळं उपचारापूर्वीच्या मोजमापांपुरतंच खरं आहे. ही अट किती कडक आहे ते अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ने 1980 मध्ये दाखवलं. क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध नियमित घेणाऱ्यांत पाच वर्षांतले मृत्यू 15 टक्के, टाळाटाळ करणाऱ्यांत 24.6 टक्के. औषध घेतलं तर फायदा, असं यावरून कुणीही म्हणेल. पण खोटी गोळी नियमित घेणाऱ्यांत मृत्यू 15.1 टक्के होते आणि ती टाळणाऱ्यांत 28.2 टक्के! नियमितपणा हा उपचार सुरू झाल्यानंतर उघड झालेला गुण होता. तो माणसाबद्दल सांगत होता, गोळीबद्दल नाही.

या सावधगिरीचा अर्थ खरे फरक नसतातच असा मात्र घेऊ नये. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या आयपास चाचणीत पूर्व आशियातल्या, बहुतांश कधीच धूम्रपान न केलेल्या 1,217 फुप्फुसाच्या कर्करुग्णांत जेफिटिनिब गोळीची तुलना केमोथेरपीशी केली गेली. आजार न वाढलेल्या रुग्णांच्या एकूण आलेखात दोन रेषा एकमेकींना छेदून गेल्या. आधी केमोथेरपी पुढे, मग गोळी. ज्यांच्या गाठीची जनुकीय तपासणी होऊ शकली त्या 437 जणांचे निकाल वेगळे काढल्यावर उलगडा झाला. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या 261 जणांत गोळीने आजार वाढण्याचा वेग निम्म्याहून खाली आणला, 0.48 पट. बदल नसलेल्यांत तोच वेग 2.85 पट झाला. इथे फरक अवाढव्य होता, तपासणी औषधाच्या कार्यपद्धतीतूनच सुचलेली होती, आणि आंतरक्रियेच्या परीक्षेत योगायोगाला जागा उरली नाही. त्यानंतरच्या चाचण्या मुळात हाच बदल असलेल्या रुग्णांवर आखल्या गेल्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा 350 रुग्णांवर झालेल्या चाचणीत जेफिटिनिबला केमोथेरपीची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ 8 महिन्यांवरून 16 महिन्यांवर गेला. आयपासमध्ये एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले उपचार योग्य रुग्ण निवडल्यावर एकत्र उपयोगी पडले.

आता पुन्हा डेक्सामेथासोनकडे. श्वासाच्या आधारावरून गट पाडायचे हे ‘रिकव्हरी’च्या संशोधकांनी आधीच ठरवलं होतं. श्वासाचा त्रास जितका जास्त तितका फायदा जास्त, हा कल परीक्षेत भक्कम उतरला. मात्र ऑक्सिजन न लागणाऱ्यांत नुकसान होतं का, याचं ठाम उत्तर त्या आकड्यांत नव्हतं. त्या गटात मृत्यूचं गुणोत्तर 1.19 आलं आणि त्याची विश्वास-मर्यादा 0.92 ते 1.55 होती, म्हणजे खरा आकडा 1 च्या खाली किंवा वर, कुठेही असू शकत होता. एवढ्यावर जे म्हणता येतं ते असं: या रुग्णांना फायद्याचा पुरावा नाही आणि धोक्याची शंका आहे, म्हणून देऊ नये. सौम्य आजारात स्टेरॉइड टाळण्याचा सल्ला यातूनच आला.

2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुसरी लाट आली तेव्हा हा बारकावा हरवला. ‘स्टेरॉइडने जीव वाचतो’ एवढी सरासरीच लोकांपर्यंत पोचली होती. घरी बसलेल्या, ऑक्सिजनची पातळी उत्तम असलेल्या माणसांनीही पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून या गोळ्या घेतल्या, कुणी चिठ्ठीवर, कुणी चिठ्ठीशिवाय. मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेली ‘काळी बुरशी’, फैलावली. मे महिन्यात केंद्र सरकारला हा आजार अधिसूचित करण्याची सूचना राज्यांना द्यावी लागली. डोळा किंवा जबडा गमावलेली माणसं आजही आपल्या आसपास आहेत.

त्याच मे महिन्यात ‘रिकव्हरी’ने या ‘कदाचित’च्या जवळचा एक प्रश्न स्वतंत्र चाचणीला लावला. रक्तातला ऑक्सिजन कमी झालेला, पण बाहेरून ऑक्सिजन लागत नाही किंवा साधाच लागतो अशा रुग्णांना स्टेरॉइडचा जास्त डोस द्यावा का? एका गटाला पाच दिवस 20 आणि पुढे पाच दिवस 10 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, दुसऱ्याला नेहमीचे उपचार, ज्यांत बहुतेकांना तो जुना कमी डोस मिळत होता. ब्रिटन, आशिया आणि आफ्रिकेतले 1,272 रुग्ण त्यात आले. 28 दिवसांत जास्त डोसच्या गटातले 19 टक्के दगावले, दुसऱ्या गटातले 12 टक्के. मे 2022 मध्ये या रुग्णांपुरती ही तुलना थांबवण्यात आली. श्वासयंत्राची गरज असलेल्या रुग्णांसाठी तीच तुलना पुढे चालू ठेवली गेली.